सिद्धगडाच्या पायथ्याशी, पाण्याच्या कडेने

हिवाळा सुरू झाला की मुरबाडच्या माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास कानी येतो. "डॉक्टर, यांना जरा बाहेर फिरायला नेलं तर चालेल का?" विचारणारा मुलगा, मुलगी किंवा सून असते. ज्यांच्याविषयी विचारले जाते ते आजी-आजोबा शेजारच्या खुर्चीवर मुकाट बसलेले असतात. पंचवीसहून अधिक वर्षे मी या प्रश्नाला एकच उत्तर देत आलो, "कशाला उगाच धोका पत्करता? घरातल्या घरात फिरू द्या." हे उत्तर देणे सोपे होते आणि ते बहुतेक वेळा चुकीचे होते. ती चूक मला माझ्या वडिलांमुळे उमगली. ज्या वाटेवर ती सुधारता आली, त्या वाटेची ओळख वाचकांना करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, निवृत्त शिक्षक. वय एक्क्याऐंशी. गेल्या वर्षी चैत्रात ते न्हाणीघरात पाय घसरून पडले आणि उजवे मनगट मोडले. सहा आठवड्यांत हाड जुळले. मात्र त्यानंतर मी त्यांच्यावर एकेक बंधन घालत गेलो. अंगणात एकटे जायचे नाही, जिना उतरायचा नाही, बाजारात तर मुळीच नाही. चहा, वर्तमानपत्र, औषधे, सारे त्यांच्या खुर्चीपाशी येऊ लागले. मी याला काळजी म्हणत होतो. दिवाळीत भाऊबीजेला माझी आत्या ओवाळायला आली, तेव्हा अण्णांना खुर्चीतून उठता येईना. दोनदा प्रयत्न करून ते पुन्हा बसले आणि हसून म्हणाले, "अक्का, तूच इकडे ये." रात्री माझी पत्नी मला म्हणाली, "पडतील म्हणून तुम्ही त्यांना बसवून ठेवलंत. आता ते उठू शकत नाहीत." त्यावर माझ्यापाशी काहीही उत्तर नव्हते. वृद्धापकाळात स्नायू वापराविना राहिले तर फार झपाट्याने झिजतात, मांड्यांचे बळ प्रथम जाते आणि तेच बळ माणसाला पडण्यापासून वाचवते, हे मी पुस्तकात वाचलेले होते. घरी मात्र नेमके उलट वागलो होतो.

दुसऱ्या दिवशी मी अण्णांना विचारले, "तुम्हाला पुन्हा कुठवर चालायचंय?" ते क्षणभर विचार करून म्हणाले, "सिद्धगडाच्या स्मारकापर्यंत."

मुरबाड तालुक्यातील जुन्या माणसांना या उत्तराचा अर्थ सांगावा लागणार नाही. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, अर्थात भाई कोतवाल, हे माथेरानचे वकील. त्यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ चा. शेतकरी सावकाराच्या दारी जाऊ नये म्हणून त्यांनी धान्यकोठ्यांचे काम उभे केले. १९४२ च्या आंदोलनात त्यांनी आझाद दस्ता उभारला आणि मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडून इंग्रज सरकारला हैराण केले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांनी या तुकडीला गाठले आणि भाई कोतवाल व हिराजी पाटील तेथे हुतात्मे झाले. भाईंचे वय तेव्हा अवघे तीस वर्षांचे होते. दर वर्षी २ जानेवारीला लोक तेथे पहाटे जमतात. अण्णा नोकरीत असताना आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन कित्येक वर्षे तेथे पायी जात. निवृत्तीनंतरही ते जात राहिले आणि मग वयाने व शेवटी माझ्या बंदीने हे जाणे थांबले.

वाटेपूर्वीची तयारी

लगेच निघण्याचा प्रश्नच नव्हता. अण्णांनी दिवाळीपासून तयारी आरंभली. भक्कम, हातांच्या खुर्चीत बसून उठणे, प्रारंभी हातांचा आधार घेऊन पाच वेळा आणि पुढे दहा वेळा. ओट्याला धरून टाचा उचलणे. भिंतीजवळ उभे राहून एका पायावर काही क्षण तोल सांभाळणे, तेही शेजारी माणूस असताना. मग अंगणात फेऱ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पासष्ट वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि तोल व बळ वाढवणारे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस तरी करावेत. ज्यांना प्रकृतीमुळे इतके शक्य नाही त्यांनी झेपेल तेवढे करावे. अण्णांची पहिल्या आठवड्यातील एकूण चाल दिवसाकाठी सहा मिनिटांची होती. ही गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण दीडशेचा आकडा ऐकून पुष्कळजण आरंभच करीत नाहीत.

घरी करता येण्याजोगी एक साधी चाचणी आहे. खुर्चीतून उठावे, नेहमीच्या चालीने तीन मीटर, म्हणजे सुमारे दहा फूट, चालावे, वळावे, परत येऊन बसावे. काठी वापरत असल्यास काठीसह. यास बारा सेकंद किंवा अधिक लागले तर पडण्याचा धोका वाढलेला आहे असे समजून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. अण्णांना दिवाळीत चोवीस सेकंद लागले आणि डिसेंबरच्या मध्यास पंधरा. म्हणजे धोका टळला नव्हता, कमी झाला होता. वाट त्या मानाने निवडायची होती.

वाट कशी आहे

कल्याणहून मुरबाड सुमारे तीस किलोमीटर. मुरबाडहून म्हसामार्गे नारिवलीकडे निघाले की समोर सह्याद्रीची भिंत उभी राहते. गोरखगड व मच्छिंद्रगडाचे टोकदार सुळके आधी डोळ्यांत भरतात आणि त्यांच्याजवळच सिद्धगडाचा भारदस्त डोंगर दिसतो. पौष पौर्णिमेपासून म्हशाची प्रसिद्ध यात्रा भरते. बैलांचा व घोंगड्यांचा बाजार पाहण्याजोगा असतो, परंतु त्या दिवसांत रस्ता गर्दीने भरलेला असल्याने वृद्धांसह ही सफर टाळावी.

सिद्धगड चढणे हे तरुण, सरावलेल्या पायांचे काम आहे. आपली वाट त्याच्या पायथ्याची आहे. जांभुर्डे येथे धरणाचा जलाशय आहे, तेथे गाडी ठेवून पाण्याच्या कडेने जितके झेपेल तितके चालावे. तो आपला पहिला टप्पा. स्मारकाकडे जाण्यासाठी पुन्हा गाडीने पुढे जावे, रस्ता जेथवर चांगला आहे तेथे उतरावे आणि उरलेले अंतर पायी जावे. तो दुसरा टप्पा. दोन्ही एकाच दिवशी करण्याचा हट्ट नको. पावसाळ्यानंतर वाटा बदलतात, म्हणून गावातील माणसाला विचारूनच पुढे जावे.

सिद्धगडाचा परिसर भीमाशंकर अभयारण्यात येतो. १९८५ साली घोषित झालेले हे अभयारण्य सुमारे १३१ चौरस किलोमीटरचे असून पुणे, ठाणे व रायगड या तीन जिल्ह्यांत पसरले आहे. आपल्या राज्याचा मानबिंदू असलेली शेकरू ही मोठी तांबूस खार या जंगलाची रहिवासी. येथे बिबट्याचाही वावर आहे. त्यामुळे सूर्य मावळण्याच्या पुष्कळ आधी परतावे, वनखात्याचे नियम पाळावेत आणि मोठ्याने गाणी वाजवू नयेत. वृद्धांच्या दृष्टीने ही शांतता औषधासारखीच असते. ज्यांना कमी ऐकू येते, त्यांनाही अशा शांततेत शेजारच्याचे बोलणे नीट ऐकू येते.

पाणथळीचे सकाळचे दर्शन

आम्ही डिसेंबरअखेरच्या एका रविवारी गेलो. मी, पत्नी आणि अण्णा. एक गोष्ट तेथे पोहोचल्यावरच ध्यानात आली. डोंगराची भिंत पूर्वेला असल्यामुळे सूर्य उगवून बराच वेळ झाला तरी पायथ्याशी सावलीच असते. मैदानात ऊन पडलेले आणि येथे अजून गारठा. थंडीत रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो, सांधे आखडतात. म्हणून पहाटे पोहोचण्याची घाई करू नये. आम्ही ऊन पाण्यावर उतरेपर्यंत गाडीतच बसलो. अण्णांनी कानटोपी काढली, तेव्हा निघालो.

भातकापणी होऊन गेलेली. खाचरांत पिवळी खुंटे आणि त्यांमधून गायबगळे पावले मोजत चाललेले. पाण्याच्या काठाशी वंचक असा निश्चल उभा की उडेपर्यंत दिसतच नाही. बसल्या जागी मातकट आणि उडताच पांढराशुभ्र. एका वाळलेल्या फांदीवर पाणकावळा पंख पसरून उन्हाला बसला होता. त्याच्या पिसांत पाणी शिरते, म्हणून बुडी मारून झाल्यावर त्याला ती अशी वाळवावी लागतात. टिबुकली इवलीशी, आता येथे दिसली आणि बुडाली की निराळ्याच ठिकाणी वर येते. अण्णा थांबून मोजू लागले, "एक, दोन, तीन..." ती अठराव्या अंकाला वर आली. परेड घेणाऱ्या मास्तरांच्या स्वरात ते म्हणाले, "दम चांगला आहे!" आठ महिन्यांत मी त्यांचा तो स्वर ऐकला नव्हता.

पाणथळ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मोठे, नावाजलेले सरोवर येते. इराणमधील रामसर येथे २ फेब्रुवारी १९७१ रोजी पाणथळ जागांच्या रक्षणाचा जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याच्या व्याख्येत मात्र नैसर्गिक सरोवरांप्रमाणे मानवनिर्मित जलाशय आणि भातखाचरेही बसतात. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर हे २०२० साली या करारानुसार मान्यता मिळालेले महाराष्ट्रातील पहिले स्थळ, आणि तेही मुळात गोदावरीवरील बंधाऱ्यामुळे तयार झालेले. ठाण्याच्या खाडीला ही मान्यता २०२२ मध्ये मिळाली. सिद्धगडाच्या पायथ्याच्या पाण्याला असे कुठलेही बिरुद नाही. पण मुरबाडचे ओढे अखेर उल्हास नदीच्या खोऱ्यातूनच समुद्राकडे जातात. खाडीत रोहित पक्ष्यांना पाहणाऱ्यांनी या पाण्याच्या वरच्या अंगालाही एकदा यावे.

परतीचे बळ

निघण्यापूर्वी आम्ही एक नियम ठरवला होता. सात मिनिटे चालायचे, तीन मिनिटे बसायचे, आणि अंगात निम्मे बळ उरलेले असतानाच मागे फिरायचे. परतण्याची वेळ अण्णांनी ठरवायची, आम्ही नाही. बसण्यासाठी घडीचे स्टूल पत्नीच्या हाती होते. अशा ठिकाणी दगड पुष्कळ असतात, परंतु बुटक्या दगडावर बसलेल्या वृद्धास उठणे कठीण जाते.

चाल किती असावी? चालता चालता सहज बोलता आले पाहिजे. वाक्य अर्धवट तोडून श्वास घ्यावा लागत असेल तर गती कमी करावी. नाडी मोजण्यावर विसंबू नये, कारण रक्तदाबाच्या काही गोळ्या नाडीची गती दाबून ठेवतात. छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, थंड घाम, डोळ्यांपुढे अंधारी, यांतील काहीही जाणवले तर तत्काळ बसवावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. मोबाइलला कोठवर संपर्क मिळतो, हे गाडीतून उतरतानाच पाहून ठेवावे.

त्या दिवशी चौथ्या टप्प्यावर अण्णा थांबले. स्मारक अजून दूर होते, तिकडे आम्ही निघालोही नव्हतो. झाडीकडे बराच वेळ पाहत ते काठीवर रेलून उभे राहिले. मला वाटले, आता म्हणतील, "गाडीने तरी पुढे नेऊन दाखव." घड्याळात पाहून ते म्हणाले, "आज इथंच. परत जाण्यापुरतं बळ आहे, ते मोडायचं नाही." मी बंदी घातली असती तर ते रुसले असते. निर्णय त्यांचाच असल्यामुळे त्यांच्या चेहऱ्यावर पराभवाची छटा नव्हती.

परतताना थोड्या उतारावर मी सवयीने त्यांचा दंड धरला. त्यांचा तोल त्यामुळेच किंचित गेला. हात सोडवून घेत ते म्हणाले, "तू मला धरू नकोस. मी तुला धरतो." शास्त्रही हेच सांगते. आपण वृद्धांना ओढू नये. आपला कोपर पुढे करावा, त्यांनी तो धरावा. चढावर आपण त्यांच्या किंचित मागे असावे, उतारावर एक पाऊल पुढे. गुडघ्यांना चढापेक्षा उतार अधिक त्रास देतो, म्हणून उतारावर पावले आखूड टाकावीत.

सोबत्यांसाठी काही सूचना

काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. हात सैल सोडून ताठ उभे राहिल्यावर काठीची मूठ मनगटाच्या घडीशी यावी. खालचे रबर झिजलेले असेल तर निघण्यापूर्वीच बदलावे. चपला नकोत. टाच झाकणारे, न घसरणाऱ्या तळव्याचे बूट हवेत. जवळचे आणि दूरचे एकाच भिंगातून पाहण्याचा चष्मा असणाऱ्यांना खाली पाहताना पायांजवळची जमीन धूसर दिसते. त्यांना दूरचा वेगळा चष्मा असल्यास तो लावावा.

मधुमेहाच्या गोळ्या वा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी चालू नये. खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे. थरथर, घाम किंवा गोंधळल्यासारखे वाटले तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यावी, मात्र व्यक्ती पूर्ण शुद्धीवर असेल तरच. वयानुसार तहानेची जाणीव मंदावते, त्यामुळे प्रत्येक विसाव्याला थोडे पाणी द्यावे. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना पाणी मोजून प्यावे लागते, त्यांनी प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारावे. लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांनी त्या दिवशी ती केव्हा घ्यावी, हेही आधीच विचारावे. वाटेत सोय नसते, आणि याच संकोचापायी अनेक वृद्ध पाणी पीत नाहीत व पुढे चक्कर येऊन पडतात.

पाण्यात पाय बुडवण्याचा मोह होतो. मधुमेहींच्या पायांची संवेदना कमी झालेली असते, भेगांतून जंतू शिरतात, काटा रुतलेला कळत नाही. त्यांनी काठावरूनच पाण्याचा आनंद घ्यावा आणि घरी आल्यावर सोबत्याने त्यांचे तळवे उजेडात पाहावेत. उंच गवतात पाऊल टाकू नये. सर्पदंश झालाच तर जखम कापू नये, चोखू नये, करकचून बांधूही नये. अवयव हलू न देता प्रतिविष असलेल्या रुग्णालयात त्वरेने न्यावे.

नुकताच हृदयविकाराचा झटका आलेले, छातीत अधूनमधून दुखणारे, रक्तदाब आटोक्यात नसलेले किंवा वारंवार चक्कर येणारे यांनी डॉक्टरांनी तपासल्याशिवाय निघू नये. त्यांनी अंगणातल्या फेऱ्यांपासूनच आरंभ करावा, परंतु आरंभ करावा.

दुसरी फेरी

२ जानेवारीची पहाट आम्ही टाळली. गारठा व गर्दी दोन्ही अण्णांना सोसणारे नव्हते, आणि हे त्यांनीच सुचवले. त्यानंतरच्या रविवारी, ऊन चांगले पडल्यावर, आम्ही स्मारकाच्या वाटेला लागलो. रस्ता चांगला होता तेथवर गाडी नेली. उरलेले अंतर तरुण माणूस बोलता बोलता संपवील. अण्णांना त्यासाठी तीन विसावे लागले. दुसऱ्या विसाव्याला माथ्यावरच्या फांद्यांत खसफस झाली आणि लांब झुबकेदार शेपटी पलीकडच्या झाडावर गेली. शेकरू पुरते दिसले नाही, शेपटीच दिसली. अण्णा म्हणाले, "पोरं असती तर एव्हाना गोंधळ घातला असता."

स्मारकापाशी आठवड्यापूर्वीचे हार सुकून पडलेले होते. त्यांनी काठी माझ्याकडे दिली, दोन्ही हात जोडले आणि आधाराविना उभे राहिले. मी घड्याळाकडे पाहिले नाही, पण सवयीने मनात मोजत होतो. ते तिसाच्या पुढे गेले. मग त्यांनी हात पुढे करून काठी परत मागितली. "चल. परतीला वेळ लागेल."

त्यानंतर अण्णा पुन्हा पडणार नाहीत, असे मी म्हणत नाही. परवा त्यांनी तीन मीटरची चाचणी तेरा सेकंदांत पूर्ण केली. धोका अजून आहे, आणि तो त्यांनाही ठाऊक आहे. बदललो आहे तो मी. आता दवाखान्यात कोणी विचारले, "डॉक्टर, यांना बाहेर नेलं तर चालेल का?" तर मी उत्तर देण्याआधी खुर्ची थोडी वळवतो आणि शेजारच्या आजी-आजोबांना विचारतो, "तुम्हाला कुठवर जायचंय?" कोणी देवळाचे नाव घेते, कोणी शेताच्या बांधाचे, कोणी नुसते "कोपऱ्यापर्यंत" म्हणते. मग ते ठिकाण कागदावर लिहून आम्ही तेथवरची मिनिटे मोजायला बसतो.